बाळासो माजलाय

"ह्या बाळासोचं मुळापासनं वाटोळं हुईल! ह्येच्या मढ्यावर मीठ टाका रं कुणीतरी! कुठं शिरावं न् कुठं न्हाय, ह्येला काय धरबंदच न्हाय की!"

चिमणाबाई पोटरीभर पाण्यात उभी राहून ओरडत होती, आणि तिच्या मागं बांधावर बाळासो पडवळ प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन उभा होता. पुढं पाय टाकावा की आल्या वाटेनं मागं वळावं, हे त्याला कळेना. आठवडाभर आभाळ गगनबावड्याच्या घाटाला टेकून बसलं होतं आणि तिथनं उठायचं नाव घेत नव्हतं. अशा पावसात माणूस बांधावरनं गुपचूप सटकला तरी पायाचा आवाज येत नाही. पण चिखलानं दगा दिला. पाय घसरला, पचकन आवाज झाला, आणि चिमणाबाईनं वळून बघितलं.

"आवं भावजी! तुमास्नी न्हवं. त्येला म्हंतोय मी."

"ठावं हाय, वहिनी."

"ठावं हाय तर वर का हुबा ऱ्हायलासा? या की खाली. बघा, तुमच्या लेकरानं काय क्येलंय ते."

खुलासा करायला पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं बाई दिराला तोंडावर शिव्या घालते. जांभुळवाडीत बाळासो दोन. एक हा पडवळांचा बाळासो, फौजेतनं हवालदार होऊन आलेला. दुसरा म्हणजे ओढ्याकाठी, बांधाला, मोरीत, गायरानात, जिथं म्हणून ओल आहे तिथं माजलेलं गवत. ते ह्या पहिल्या बाळासोनं आणलं म्हणून गावानं त्याला बाळासोचंच नाव दिलं. आधी 'बाळासोचं गवत' म्हणायचे. पुढं बोलता बोलता 'गवत' गळून पडलं.

चिमणाबाई म्हणजे बाळासोच्या चुलतभावाची विधवा. भावकीतली, शेजारची, आणि गावातल्या सगळ्यांत मोठ्या आवाजाची. ओढ्याच्या काठाला तिचं एवढं एकच भाताचं खाचर. रस्त्याखालच्या मोरीत गवताचं बूच बसलं होतं, आणि ओढा तिथनं उलटा फिरून तिच्या खाचरात घुसला होता. नुकतीच लावण झालेली. रोपं पिवळी पडून पाण्यावर तरंगत होती. त्यांच्या मधनंमधनं गवताच्या लांब कांड्या, जाड, तजेलदार, पेरापेराला पांढरी मुळं फुटलेल्या, आरामात पसरल्या होत्या.

"लावणीचा तरवा हाय काय उरल्याला?" बाळासोनं विचारलं.

"कुठला? मूठभर हुता, त्यो पूर्णिमाच्या आईला दिला. तिचा कमी पडला हुता. मला काय सपान पडलं हुतं?"

"दुसऱ्या कुणाकडं बघू?"

"आता कुणाकडं असतोय? समद्यांची लावण झाली. ऱ्हाऊ द्या. यंदा भात न्हाय, वैरणीला पिंजार न्हाय. मी खाईन काय बी. पर म्हसरानं काय खायाचं? बाळासो?"

आणि तिची तीच हसली. त्या हसण्यात राग नव्हता, म्हणूनच ते बाळासोला लागलं. त्यानं खाचरात उतरून, खाली वाकून दोन कांड्या उपटल्या. तिसरी ओढली तर तिच्या संगं रोपांचा एक चूडच वर आला. तो चूड हातात धरून तो तसाच उभा राहिला. परत रोवायला जागा नव्हती आणि टाकून द्यायचा धीर होत नव्हता.

नोकरीची शेवटची वर्षं बाळासोनं समुद्रातल्या बेटांवर काढली होती, अंदमानाच्या बाजूला. तिथं छावणीच्या पल्याड त्याला हे गवत पहिल्यांदा दिसलं. पुरुषभर उंच, ऐन उन्हाळ्यात हिरवंगार. चौकोनी चौकोनी बांध घातलेले आणि त्यात गवत नुसतं उसळलेलं. बाळासोला आपल्याकडचा शिमगा आठवला. त्या दिवसांत गावची म्हसरं बांधाची माती चाटत हिंडायची. त्यानं मनात म्हटलं, काय हुशार शेतकरी आहे बघा! भाताच्या खाचरात वैरण लावलीया आणि स्वतः घरात बसलाय निवांत!

सुट्टीवर निघताना त्यानं कांड्यांची मोळी ओल्या गोणपाटात गुंडाळली, ट्रंकेत कपड्यांच्या खाली घातली. जहाजातनं, रेल्वेतनं, रोज गोणपाटावर पाणी शिंपडत ती कोल्हापुरापर्यंत आणली. लेकरू आणावं तसं आणली.

लावली गोठ्यामागं, ओढ्याच्या वरच्या वळणाला. पुढल्या दसऱ्यापर्यंत कमरेएवढी झाली. दसऱ्याला गावात सोनं वाटायला लोक आपट्याची पानं घेऊन निघाले, आणि हवालदार निघाला कांड्यांचे जुडगे घेऊन. कडक इस्त्रीचा शर्ट, छातीवर बिल्ला. दारोदार जाऊन म्हणाला, "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा. पानं उद्या वाळत्यात, ह्ये सोनं वाळत न्हाय. वलीला लावा." एक घर सोडलं नाही. ज्याच्याशी बांधाचा तंटा होता त्यालाही दिलं. म्हाताऱ्या बायकांनी त्याला ओवाळलं.

दोन-तीन उन्हाळे बाळासोचे होते. शिमग्यात म्हसरं हिरवं खाऊ लागली. डेअरीवर दुधाची फॅट बघून लोक म्हणायचे, "ही समदी बाळासोची किमया." तेव्हा नाव ऐकलं की त्याची मान ताठ व्हायची. आणि मग करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तशी गत झाली. गवतानं ओढा धरला. पुराच्या पाण्यात एक पेर तुटून खाली गेलं की जिथं अडकलं तिथं संसार थाटायचं. बांध गेले, गायरानातलं आपलं जुनं गवत गेलं, मोरी बुजली. लोक म्हणायला लागले, "आमच्या बांधावर बाळासो माजलाय." "बाळासोला इळा लावून भागत न्हाय, कुदळच पायजे." देवळाच्या पायरीवर बसून गुंडूतात्या म्हणायचा, "पडवळांच्या घराण्यात आधी नुसती भाजी हुती. आता गवत बी झालं." लोक हसायचे. बाळासोही हसायचा. न हसून करतो काय?

पण त्या दिवशी चिमणाबाईच्या खाचरात उभा असताना त्याला ते बेटावरचं रान डोळ्यांपुढं आलं. ते चौकोनी बांध. ती वैरण कुणी लावलेली नव्हतीच की! ते कुणातरी बापड्याचं भाताचं खाचर होतं. गवतानं गिळलं म्हणून तो ते सोडून गेला होता. म्हणून तर मालक कधी दिसला नव्हता. आणि आपण त्याला हुशार म्हणालो.

चिमणाबाईचं खाचर गेलं त्यावरनं गावात गलका झाला. आज तिचं, उद्या आपलं. तरुण मंडळाचा अध्यक्ष राजवर्धन, पोरगा तडफदार, त्यानं ठरवलं की रविवारी अख्ख्या गावानं ओढ्यात उतरायचं. आणि आमच्याकडं काही ठरलं की आधी डिजिटल बोर्ड लागतो, मग काम होतं. एस.टी. स्टँडावर डेअरीच्या भिंतीला लागून बोर्ड चढला. मंडळाच्या पोरांचे गॉगल घातलेले फोटो, आणि वर तांबड्या अक्षरात, लांबनंही वाचता यावं असं:

चला गावकऱ्यांनो! बाळासो मुळासकट उपटूया!

गवताचा फोटो टाकायला जागाच उरली नव्हती.

बाळासो त्या दिवशी औषधाच्या गोळ्या आणायला बाहेर निघाला होता. गाडीची वाट बघत स्टँडावर बसला. शेजारी एक परगावचा माणूस बसलेला, पायांत पिशवी, गगनबावड्याला निघालेला. त्यानं बोर्ड वाचला. पुन्हा वाचला.

"पावणं," तो बाळासोला म्हणाला, "तुमी हितलंच न्हवं?"

"व्हय."

"ह्यो बाळासो कोण हो? लईच माजलाय वाटतं?"

बाळासोनं बोर्डावरनं नजर काढली. "हाय एक. गावचाच."

"पुढारी हाय?"

"न्हाय."

"मग सावकार? का वाळूवाला?"

"न्हाय न्हाय. साधाच हाय."

"साधा?" पावण्यानं बोर्डाकडं बोट केलं. "अख्खं गाव उठलंय त्येच्यावर. मुळासकट उपटा म्हंत्यात. असा काय उगंच कुणी म्हंतंय व्हय? काय तरी क्येलंच असणार बेण्यानं."

"व्हय," बाळासो म्हणाला. "क्येलंय."

गाडी आली. पावणा चढला, आणि खिडकीतनं म्हणाला, "चला की, तुमास्नी बी जायाचं हुतं न्हवं?" बाळासोनं मान हलवली. गोळ्या राहिल्या. तो घराकडं वळला.

राजवर्धन मागनं पळत आला. "काका, काका! रागावू नगासा. त्ये तुमास्नी न्हवं, गवताला लिवलंय."

"मग नुसतं गवत लिवायचं हुतं."

"आवं, नुसतं गवत म्हटलं तर कुणाला कळतंय? गवतं चिक्कार हाईत. बाळासो म्हटलं की समद्यांच्या ध्येनात येतंय."

खरंच होतं ते. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

घरी आल्या आल्या बाळासोनं माळ्यावरची कुदळ काढली आणि सरळ गोठ्यामागं गेला. गावात सगळ्यांत दाट, सगळ्यांत देखणं गवत कुठं असेल तर ते इथं. खत घातलेलं, निगा केलेलं, वरच्या वळणाला असल्यामुळं सगळ्या ओढ्याच्या डोक्यावर बसलेलं. पुढं कळकाचं, म्हणजे बांबूचं, बेट होतं, म्हणून वाटेवरनं जाणाऱ्याला ते दिसत नसे. त्यानं पहिला घाव घातला तोच मागनं आवाज आला.

"काय करतासा, मामा?"

सून मोना. हातात चरवी, पदर खोचलेला.

"काडतोय ह्ये."

"आणि म्हशीला काय घालू?"

"बघू काय तरी."

"काय तरी म्हंजे? म्हस परवा व्यालीया. पेंड पुढ्यात टाकली तर तोंड फिरवती, ह्येच्यावर तेवढी जगलीया. तुमी काडाय लागलासा, आणि दुपारी तिच्या म्होरं मी काय ठिऊ? तुमचा बिल्ला?"

"मोना, गावात तोंड दाखवाय जागा न्हाय मला. स्टँडावर माझं नाव लावलंय."

"तुमचं नाव हाय, पर म्हसरं माझी हाईत," मोना म्हणाली. ती आवाज चढवून बोलणारी बाई नव्हती. नवरा अमरसिंह जयसिंगपूरला दुकानात कामाला, सवड मिळेल तेव्हा यायचा. घर, गोठा, धार, डेअरी, सगळं तिच्या अंगावर. "तुमची पेन्शन हाय, ती तुमची. मी कवा हात लावला न्हाय, लावनार बी न्हाय. माझ्या हातात काय हाय ह्या घरात? ही दोन म्हसरं. ओढ्यातलं काडा, मोरीतलं काडा. त्येनं चिमणाकाकींचं शेत बुडालं. हे आपल्या दारातलं कुणाला आडवं आलंय? दिसतंय तरी कुणाला?"

बाळासोनं कुदळ तशीच धरली होती. वरच्या वळणाला एक पेर जरी राहिलं तरी खालचा ओढा काढून उपयोग नाही, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक होतं? पण मोनाच्या मागं ती ओली म्हैस त्याच्याकडं बघत होती, आणि मोना तर बघतही नव्हती. ती खाली वाकून, त्यानं तोडलेल्या कांड्या गोळा करत होती, वाया जाऊ नयेत म्हणून.

त्यानं कुदळ खांद्यावर टाकली. संध्याकाळी कळकाच्या बेटाला जिथं फट होती तिथं बाभळीची वाळकी फांदी आणून लावली. कुंपण म्हणून, असं तो स्वतःला म्हणाला.

रविवारी सगळ्यांच्या आधी ओढ्यात कोण उतरलं असेल तर बाळासो. पोरं गॉगल सावरत येईपर्यंत त्यानं मोरीचं तोंड मोकळं करत आणलं होतं. छातीभर पाण्यात उभा राहून, मुळं कवटाळून, तो गवताच्या चिंध्या करत होता. बायका काठावर ढीग लावत होत्या. पाऊस होताच.

"काका, दम खावा जरा!"

"हवालदार, आवो फौज न्हाय ही!"

गुंडूतात्या काठावर तंबाखू मळत म्हणाला, "बाळासो बाळासोला उपटाय लागलाय बघा! ह्येला म्हंत्यात भावकी!"

सगळा ओढा खदाखदा हसला, आणि त्या दिवशीचं हसणं बाळासोला टोचलं नाही. कितीतरी दिवसांनी लोक त्याला हवालदार म्हणत होते. दुपार कलली तेव्हा मोरीतनं पाण्याचा लोंढा सुटला, आणि चिमणाबाईच्या खाचरातलं पाणी सळसळत खाली उतरलं. खाली नुसता गाळ होता. तरी तिनं कमरेवर हात ठेवून आवाज टाकला, "गेला गं बाई एकदाचा!"

मग राजवर्धननं सगळ्यांना देवळापुढं बोलावलं. मंडळानं नारळ आणि टॉवेल आणला होता. "ज्येनं सगळ्यांत जास्ती काम क्येलं त्येचा सत्कार," असं म्हणून त्यानं बाळासोचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या. बाळासोचे हात गवताच्या धारेनं कापलेले, अंगावरनं चिखल गळतोय. ती वेळ होती. तोंड उघडून म्हणायचं होतं, पोरांनो, थांबा, वरच्या वळणाला अजून आहे, माझ्याच दारात आहे. शब्द ओठांपर्यंत आलेसुद्धा. पण टॉवेल गळ्यात पडला, नारळ हातात आला, आणि त्यानं नारळ कपाळाला लावला. टाळ्या वाजवणाऱ्यांत चिमणाबाईही होती.

रात्री मोनानं तो नारळ फोडून चटणीला वाटला. बाळासोनं भाकरी आमटीत कुस्करून खाल्ली. चटणीला हात लावला नाही.

त्यानंतर पावसानं आणखी जोर धरला. बाळासो घरातनं बाहेर पडेनासा झाला. कुणी विचारलं तर अंग दुखतंय म्हणायचा. आधी लोक नावं ठेवायचे तेव्हा निदान त्यांच्यात जाऊन बसता येत होतं. आता कुणी 'हवालदार' म्हणून हाक मारली की तो उठून आतल्या खोलीत जायचा. शिवी एकवेळ पचते, फुकटची शाबासकी पचत नाही.

एके दिवशी दुपारनंतर पाऊस उघडला. बाळासो गोठ्यामागं गवत कापत बसला होता. ओढ्याच्या बाजूनं सळसळ झाली. म्हैस असेल म्हणून त्यानं वर बघितलं, तर पाण्यातनं वर चढत चिमणाबाई आली होती. साडी गुडघ्याला खोचलेली, हातात विळा, दुसऱ्या हातात गवताच्या दोन-तीन कांड्या. ताज्या तुटलेल्या, हिरव्यागार.

बाळासोच्या हातातला विळा तसाच राहिला. आता ही ओरडणार. ह्या बाईचा आवाज खालच्या आळीपर्यंत जातो. त्यानं डोळे मिटून घेतले आणि वाट बघितली.

चिमणाबाई ओरडली नाही. उभी राहून तिनं ते सगळं गवत ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत बघितलं. मग हातातल्या कांड्या खडकावर ठेवल्या आणि एका दगडावर बसली.

"वाहत आल्या हुत्या," ती म्हणाली. "रोजच येत्यात. म्हटलं, बघावं कुठनं येत्यात."

"वहिनी..."

"एक भारा द्या, भावजी."

त्याला आधी कळलंच नाही. "काय?"

"भारा. गवताचा." तिचा आवाज इतका हलका त्यानं कधी ऐकला नव्हता. "पिंजार न्हाय यंदा. ओढ्यातलं समदं आपुनच काडून टाकलं. कालपासनं म्हस हंबरतीया. कुणाच्या दारात मागाय जावं? समद्यांच्या म्होरं बाळासोला शिव्या दिल्या मी. आता कुठल्या तोंडानं मागू? म्हटलं, भावजींकडं जावं. त्येंच्या म्होरं लाज कसली? त्येंची आणि माझी सारखीच."

बाळासोला वाटलं, ओरडली असती तर फार बरं झालं असतं. त्यानं कापायला सुरुवात केली. तीही उठून दुसऱ्या बाजूनं कापू लागली. थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी उपटनार हुतो. कुदळ मारली बी हुती. बघा तितं."

"मग?"

"न्हाय उपटलं."

"उपटून काय दगड घालणार म्हसरास्नी?" चिमणाबाई विळा न थांबवता म्हणाली. "रोज जेवढं कापतासा तेवढं खणा. पाण्याकडची कड आदी. मुळं खडकावर टाका, सुकू द्यात. वर पाला खाऊ द्या म्हसरास्नी, खाली कुदळ चालू द्या. मी बी यीन. एकट्यानं नगासा करू. मोनाला मी सांगतो. ती काय वाईट न्हाय."

भारा बांधून झाला. चांगला मोठा, ओला, जड. चिमणाबाईनं डोक्यावर चुंबळ ठेवली आणि मग थांबली.

"कुठल्या वाटंनं जाऊ?"

बाळासोनं तिच्याकडं बघितलं. दोनच वाटा होत्या. एक मागची पाणंद, मांडीभर चिखलाची, तिथनं कुणी बघितलं नसतं. दुसरी स्टँडावरनं, डेअरीच्या दारातनं. संध्याकाळची धार काढून अख्खं गाव आता तिथंच किटल्या घेऊन उभं असणार. आणि ओढा साफ केलेल्या गावात असलं ताजं गवत डोक्यावर घेऊन कुणी निघालं, की ते कुठनं आलं हे विचारल्याशिवाय कोण राहील?

ती विचारत होती ते वाटेबद्दल नव्हतं. त्यानं 'पाणंदीनं' म्हटलं असतं तर ती म्हातारी बाई चिखल तुडवत गेली असती आणि पुन्हा कधी ह्या विषयावर बोलली नसती.

"चुंबळ माझ्याकडं द्या," तो म्हणाला. "आणि भाऱ्याला हात लावा."

"भावजी, तुमी कशाला?"

"लावा म्हंतोय न्हवं."

दोघांनी मिळून भारा उचलला आणि त्यानं तो डोक्यावर घेतला. गवताचं पाणी मानेवरनं पाठीत उतरलं. तो पुढं, चिमणाबाई मागं. स्टँड जवळ येऊ लागला तशी त्याची पावलं जड झाली, पण भारा डोक्यावर असला की थांबता येत नाही. थांबलं की जास्त जड होतो.

डेअरीच्या दारात माणसं होतीच. राजवर्धन मोबाइलमधनं डोकं काढून म्हणाला, "काका? ह्यो बाळासो कुठनं आला?"

"माझ्या गोठ्यामागनं," बाळासो म्हणाला. "वरच्या वळणाला हाय. पयल्यापासनं हाय. रविवारी बी हुता."

कुणाच्या तरी किटलीचं झाकण पडून गरगरत गेलं. मग गुंडूतात्यानं तोंड उघडलं.

"वा रं हवालदार! आमास्नी पाण्यात बुचकाळलं, आणि ह्यो घरात पाळून बसलाय! वर सत्कार घितला! लाज वाटती का न्हाय?"

"वाटती," बाळासो म्हणाला.

"अशी न्हाय! आता म्या म्हंतो..."

"गुंड्या!"

हा चिमणाबाईचा आवाज. खालच्या आळीपर्यंत जाणारा.

"गुंड्या, तुझ्या न्हाणीच्या मागं काय हाय रं? तुळस?"

गुंडूतात्यानं तंबाखूची पुडी खिशात घातली.

"मी ओढा धरून वर आलो आज, समद्यांच्या परड्यांच्या मागनं. डोळं फुटल्यात व्हय माझं? राजवर्धन, तुझ्या आयनं कारल्याचा येल वर सोडलाय झाकाय. येल बारका हाय, म्हनावं. खालचं दिसतंय. तेजस्वी, तुमच्या उकिरड्याम्होरं पत्रा हुबा क्येलाय, त्येच्या मागं काय बांधलंय? नवरदेव? समद्यांनी थोडं थोडं ठिवलंय. समद्यांच्यात म्हसरं हाईत. ह्यो एकटा डोक्यावर घिऊन आला म्हणून ह्येला लाज विचारतासा व्हय!"

कुणी किटलीकडं बघायला लागलं, कुणी पायाच्या अंगठ्यानं चिखल उकरायला लागलं. राजवर्धनचा मोबाइल वाजत होता, तो त्यानं उचलला नाही. डेअरीच्या दारात जेवढी माणसं होती तेवढ्या माना एकेक करून खाली गेल्या.

बाळासोलाही मान खाली घालायची होती. सगळ्यांत आधी त्यालाच घालायची होती. पण डोक्यावर भारा होता, आणि भारा घेतलेल्या माणसाला मान वाकवून चालत नाही. म्हणून तो ताठ मानेनं, समोर बघत, सगळ्यांच्या मधनं चालत गेला.